ग्रंथाची अदब

२०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यात हैदराबाद शहरावर एका रात्रीत जो पाऊस कोसळला, त्याची आठवण येथील रहिवाशांच्या मनातून लवकर जाणार नाही. जुन्या शहराच्या सखल वस्त्यांतून तळ्यांचे पाणी घराघरांत शिरले. आमची गल्लीही त्यातून सुटली नाही. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. आयुष्यभर शाळेत अरबी आणि उर्दू शिकवून निवृत्त झालेले; सारी गल्ली त्यांना मौलवीसाहेब म्हणे. त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली होती. मी आणि गल्लीतला एक तरुण आत गेलो तेव्हा पाणी छातीपर्यंत आले होते आणि भिंतीतल्या ज्या उंच कोनाड्यात रेशमी जुजदानात गुंडाळलेले कुराण ठेवलेले असे, त्या कोनाड्याकडे ते चढत चालले होते. माझी नजर तिकडे गेलेली पाहून मौलवीसाहेब जिन्यावरून ओरडले, "आधी तिला वर आणा."

तिला खाटेसकट वर नेले. परत खाली आलो तेव्हा पाणी कोनाड्याच्या काठाला लागले होते. मी हात पुढे केला आणि तसाच थांबलो. त्या घरात इतकी वर्षे जाणे-येणे असल्यामुळे त्या ग्रंथाला कोणी, केव्हा आणि कसा हात लावावा याचे नियम मला ठाऊक होते. मी वर पाहून विचारले, "मी उचलू का?" त्यावर ते म्हणाले, "बुडत्याला उचलताना वुजू केली की नाही, हे कोणी विचारीत नाही. उचला. आणि नाही हाती आले तरी घाबरू नका. ते माझ्या छातीत आहे."

या दोन उत्तरांनी मला पुढे पुष्कळ दिवस विचारात पाडले. पहिल्या उत्तरात माणूस ग्रंथाच्या आधी आला. दुसऱ्या उत्तरात ग्रंथ त्याच्या स्वतःच्या नियमांच्या आधी आला. हा एका सज्जन म्हाताऱ्याचा उपजत समंजसपणा म्हणावयाचा, की ज्या शास्त्रात तो वाढला त्याच शास्त्राची ही शिकवण? आणि शास्त्राचीच शिकवण असेल, तर त्याच ग्रंथाच्या सन्मानाच्या नावाने जगात अधूनमधून जो रक्तपात होतो, त्याची संगती कशी लावावयाची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

'अदब' हा शब्द मराठीला परका नाही. वडीलधाऱ्यांची अदब राखावी, अदबीने बोलावे, असे आपण नित्य म्हणतो. अरबीत या शब्दाचा पसारा मोठा आहे. शिष्टाचार, सुसंस्कृतता आणि वाङ्मय हे तिन्ही अर्थ त्यात सामावतात. उर्दूत तर साहित्यालाच अदब म्हणतात. कुराणासंबंधीच्या अदबीवर इस्लामी पंडितांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले आहेत. तेराव्या शतकातील दमास्कसचे इमाम नववी यांचा या विषयावरील ग्रंथ आजही अभ्यासिला जातो, आणि इ. स. ११११ मध्ये निवर्तलेले इमाम गझाली यांनी आपल्या 'इह्या' या बृहद्ग्रंथाचे एक संपूर्ण प्रकरण कुराणपठणाच्या शिष्टाचाराला वाहिले आहे.

हे नियम समजून घेण्यापूर्वी दोन शब्दांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. 'कुराण' या शब्दाचा मूळ अर्थ पठण असा आहे. बांधलेल्या पानांचा जो ग्रंथ आपण डोळ्यांनी पाहतो, त्याला 'मुसहफ' म्हणतात. म्हणजे कुराण ही मुळात वाणी आणि मुसहफ हा तिचा कागदी देह. सुमारे तेवीस वर्षांच्या अवधीत ही वाणी मुखाने सांगितली गेली, कानांनी ऐकली गेली आणि अंतःकरणात साठविली गेली. एका ग्रंथात तिचे संकलन झाले ते पैगंबरांच्या निधनानंतर, पहिले खलीफा अबू बक्र यांच्या काळी, जैद इब्न साबित यांच्या हातून. आपल्याकडे वेदांस श्रुती म्हणतात, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा भेद सहज उमजेल.

स्पर्शाचे नियम आहेत ते या देहाला, म्हणजे मुसहफाला. हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली हे चारही संप्रदाय सांगतात की, मुसहफास हात लावण्यापूर्वी वुजू करावी. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू व घोट्यापर्यंत पाय धुवावेत आणि मस्तकावरून ओला हात फिरवावा. परंतु मुखोद्गत असलेले कुराण म्हणावयाचे असेल तर वुजूवाचूनही म्हणता येते. मोठ्या अशौचात मात्र, म्हणजे ज्यासाठी पूर्ण स्नान आवश्यक ठरते अशा अवस्थेत, बहुतेक शास्त्रकार पठणही वर्ज्य मानतात. ग्रंथाला जिल्दीपासून सुटे असलेले वेष्टन असेल तर त्या वेष्टनासह तो उचलण्यास हनफी मोकळीक देतात. शिकणाऱ्या लहान मुलांना दर वेळी हातपाय धुवून येण्याची सक्ती करू नये, असे अनेकांचे मत आहे. कारण तशी सक्ती केल्यास मूल शिकण्यासच कंटाळेल. दूरध्वनीच्या काचेवर उमटणारे कुराण हे मुसहफ नव्हे, सबब त्याला वुजूची अट नाही, असे आजचे बरेचसे मुफ्ती सांगतात.

या साऱ्याचा आधार म्हणून कुराणाच्या छप्पन्नाव्या अध्यायातील एक वचन पुढे केले जाते. एक सुरक्षित ठेवलेला ग्रंथ आहे आणि शुद्ध झालेल्यांखेरीज त्याला कोणी स्पर्श करीत नाहीत, असा त्याचा आशय आहे. येथे शास्त्रकारांत मोठा वाद आहे. हे वचन आज्ञार्थी आहे की वर्णनपर? 'करीत नाहीत' आणि 'करू नये' यांत अंतर आहे. अनेक भाष्यकारांच्या मते येथील ग्रंथ म्हणजे स्वर्गातील मूळ ग्रंथ आणि शुद्ध झालेले म्हणजे देवदूत. पृथ्वीवरील कागदाचा येथे प्रत्यक्ष उल्लेखच नाही. अकराव्या शतकातील आंदलुसी पंडित इब्न हज्म यांनी तर वुजूची अटच नाकारली. तरीही बहुसंख्यांनी परंपरेने आलेल्या दुसऱ्या वचनांच्या बळावर नियम कायम ठेवला. स्वर्गात देवदूत ज्याला शुद्ध होऊन स्पर्श करतात, त्याच्या पार्थिव प्रतीला आपण मळक्या हाताने का शिवावे, असा त्यांचा विचार असावा.

या अदबीची सर्वांत जुनी आणि सर्वांत बोलकी कथा हजरत उमर यांच्या धर्मांतराची आहे. पारंपरिक चरित्रांत ती अशी येते. उमर तेव्हा नव्या धर्माचे कट्टर वैरी होते. पैगंबरांचा वध करण्यास निघाले असता वाटेत त्यांना कळले की आपली बहीण फातिमा आणि तिचा पती यांनीच तो धर्म स्वीकारला आहे. संतापाने ते तिच्या दारी गेले. आतून पठणाचा आवाज येत होता. बहिणीने लिहिलेले पान लपविले. उमर यांनी मेहुण्यावर हात टाकला. बहीण मध्ये पडली, तेव्हा तिच्यावरही प्रहार केला. तिचे रक्त वाहू लागले. ते रक्त पाहताच त्यांचा हात थांबला. ओशाळून त्यांनी ते पान वाचावयास मागितले. जखमी बहीण म्हणाली की, तू अपवित्र आहेस, आधी स्नान करून ये. ते स्नान करून आले, तिने पान दिले आणि ते वाचून त्यांचे मन पालटले.

स्पर्शापूर्वीच्या शुद्धीचे उदाहरण म्हणून ही कथा सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. हनफी परंपरेत काही शास्त्रकारांनी स्नान करून आलेल्या परधर्मीयासही ग्रंथ हाती घेण्यास मोकळीक दिली आहे, ती या कथेशी जुळणारीच आहे. परंतु मला या कथेत आणखी एक क्रम दिसतो. उमर यांची शुद्धी नेमकी कोठे सुरू झाली? स्नानाच्या पाण्याने ती पुरी झाली असेल. पण तिचा आरंभ झाला तो बहिणीचे रक्त पाहून हात थांबला त्या क्षणी. तो हात थांबला नसता तर कितीही घागरी पाणी ओतून तो शुद्ध झाला नसता. आणि पान मागण्याची बुद्धी तरी त्यांना कोठून झाली असती?

आता कोणी असे म्हणेल की, हे सारे बाह्य उपचार आहेत; जुजदान, रेहाल, उंच कोनाडा, ग्रंथाकडे पाय न करणे, यांत अर्थ हरवतो. हा आक्षेप हलका नाही. हिंदुस्थानात असंख्य घरांतून कुराण अरबीत पढले जाते आणि पढणाऱ्यास त्याचा अर्थ कळत नाही. आपल्याकडेही पोथीचे पारायण असेच चालते. यास्काचार्यांनी निरुक्तात अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. कुराणाने बासष्टाव्या अध्यायात, ज्यांच्यावर तोरातचा भार सोपविला गेला पण ज्यांनी तो वाहिला नाही, त्यांना पाठीवर ग्रंथ लादलेल्या गाढवाची उपमा दिली आहे. दोन दूरच्या परंपरांना एकाच दोषासाठी ओझ्याचेच रूपक सुचावे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शास्त्रकारांना या दोषाची जाणीव नव्हती असे मुळीच नाही. संपूर्ण कुराण तीन दिवसांच्या आत वाचून संपवू नये, असे परंपरा सांगते. कारण इतक्या घाईने वाचणाऱ्यास काही उमगत नाही. इमाम अबू हनीफा यांनी तर नमाजातही फारसीतून पठण चालेल असे मत एके काळी दिले होते. त्यांच्या दोन थोर शिष्यांनी ती सवलत अरबी न येणाऱ्यांपुरती मर्यादित केली आणि पुढे गुरूही त्याच मताकडे वळले असे सांगतात. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी कुराण फारसीत आणले आणि त्यांच्या दोन पुत्रांनी ते उर्दूत उतरविले. आमच्या हैदराबादेत राहून, निजामांच्या आश्रयाने, मार्माड्यूक पिकथॉल या इंग्रज मुसलमानाने केलेले इंग्रजी भाषांतर १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. कुराणाचे भाषांतर होऊच शकत नाही अशी त्याची श्रद्धा होती. म्हणून आपल्या ग्रंथास त्याने कुराण न म्हणता कुराणाचा अर्थ म्हटले. विनोबांनी मूळ अरबी शिकून, उच्चारांसह तिचा अभ्यास करून, 'कुराण-सार' सिद्ध केले. उच्चार आणि अर्थ यांत वैर मानण्याचे कारण नाही, हे या सर्वांनी आपापल्या परीने दाखविले.

परंतु या विषयाच्या मुळाशी कोणी हात घातला असेल तर तो गझालींनी. पठणाचे दहा बाह्य नियम सांगून झाल्यावर ते दहा आंतरिक नियम सांगतात. अर्थाच्या वाटेतील अडथळे मोजताना ते म्हणतात की, अक्षरांच्या उच्चारस्थानांची अतिरेकी चिंता हाही एक अडथळाच आहे. सैतान पठण करणाऱ्यास त्याच चिंतेत गुंतवून ठेवतो. पुढे ते सांगतात की, वाचणाऱ्याने ग्रंथातील प्रत्येक वचन आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे. आणि सज्जनांची स्तुती आली तर तीत स्वतःस मोजू नये. पापी जनांची निंदा आली तर मात्र ती आपलीच आहे असे मानावे.

मला वाटते, साऱ्या अदबीची किल्ली येथे आहे. वुजू म्हणजे काय? मी माझे हात धुणे. रेहालवर ग्रंथ ठेवणे म्हणजे मी माझे मस्तक त्याच्यापुढे लवविणे. पठण चालू असता स्तब्ध राहून ऐकावे, ही आज्ञा म्हणजे मी माझी जीभ आवरणे. प्रत्येक नियमाचा कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी आहे. अदब ही स्वतःच्या हातावर घातलेली मर्यादा आहे. तीच जेव्हा दुसऱ्याचा हात तपासण्याचे साधन होते, तेव्हा तिचे नाव तेच राहते पण जात पालटते.

हे लिहिताना आपल्या घरची आठवण ठेवणे प्रामाणिकपणाचे होईल. आपल्या पोथ्याही सोवळ्यात असत. आणि सोवळ्याची कल्पना जन्माला चिकटविल्यामुळे कोट्यवधी माणसांना ती शुद्धी कितीही स्नाने केली तरी मिळण्यासारखी नव्हती. वुजूची शुद्धी तांब्याभर पाण्याने कोणासही मिळते, हा तिचा मोठेपणा मान्य केला पाहिजे. तेथेही प्रश्न उरतो तो स्त्रियांचा. मासिक धर्माच्या दिवसांत बहुतेक शास्त्रकार स्त्रियांना मुसहफाचा स्पर्श आणि पठण दोन्ही वर्ज्य मानतात आणि ही अवस्था धुऊन जाणारी नसते. मालिकी संप्रदायाने म्हणूनच पठणास, तसेच शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या स्त्रियांच्या ग्रंथस्पर्शास सवलत दिली. नाहीतर शिकलेले विसरले जाईल, हे त्यांचे कारण. येथेही ग्रंथाच्या हितासाठीच नियम लवला.

जीर्ण प्रतींचे काय करावयाचे, या प्रश्नात तर अदबीची खरी कसोटी लागते. हनफी शास्त्र सांगते की, स्वच्छ वस्त्रात गुंडाळून, जेथे कोणाचे पाऊल पडणार नाही अशा जागी, माणसास पुरावे तशी ती पुरावी. तिसरे खलीफा उस्मान यांनी इ. स. ६५० च्या सुमारास प्रमाण संहिता सिद्ध करून इतर लेखी प्रती जाळून टाकण्याची आज्ञा दिली होती. त्या आधारावर काही शास्त्रकार दहनासही संमती देतात. येमेनमधील सना येथील मोठ्या मशिदीच्या छतात १९७२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी अतिप्राचीन पानांचा मोठा साठा सापडला. कोणी तरी ती जीर्ण पाने अदबीने तेथे ठेवली होती. क्वेट्टा शहराजवळच्या एका डोंगरात भुयारे खणून जीर्ण प्रती ठेवल्या जातात. पुरणे, जाळणे, जपून ठेवणे, या तिन्ही कृती बाहेरून सर्वस्वी भिन्न. पण तिन्हींच्या पोटी आदर असू शकतो. उलट, एकच कृती, दहनाची, आदराचीही असू शकते आणि घोर अपमानाचीही. स्टॉकहोममध्ये २०२३ च्या जूनमध्ये मशिदीसमोर ग्रंथ जाळला गेला तो दुखविण्यासाठीच. त्याने झालेली वेदना खरी होती. आणि तिची दखल घेऊन डेन्मार्कच्या संसदेने त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा केला. कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलता येईल. परंतु कृतीचा अर्थ हेतूत असतो आणि हेतू शोधण्यास वेळ, शांतता व साक्ष लागते, एवढे तरी सर्वांनी मान्य करावे. जमावापाशी या तिन्ही गोष्टी नसतात.

काबूल शहरात १९ मार्च २०१५ रोजी फरखुंदा नावाची सत्तावीस वर्षांची तरुणी एका दर्ग्यापाशी गेली. ती इस्लामी धर्मशास्त्राची विद्यार्थिनी होती. तेथे चाललेल्या ताईत विकण्याच्या धंद्यास तिने धर्माच्या आधारानेच आक्षेप घेतला. त्यावर हिने कुराण जाळले, अशी आरोळी उठविण्यात आली. जमावाने तिला दिवसाढवळ्या ठार मारले आणि तिचा देह जाळला. पुढील चौकशीत तिने कुराण जाळल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. तिची शवपेटी स्त्रियांनी आपल्या खांद्यावर वाहिली. पुरुषांना त्यांनी हात लावू दिला नाही.

या घटनेपुढे मी उमर यांची कथा ठेवून पाहतो. तेथेही ग्रंथ जाणणारी एक स्त्री होती आणि तिच्यावर उठलेला एक हात होता. ग्रंथाचा शत्रू असलेल्या माणसाचा हात रक्त पाहून थांबला. ग्रंथाचे रक्षक म्हणविणाऱ्यांचे हात थांबले नाहीत. आणि स्त्रियांनी त्या हातांना शवपेटीचा स्पर्श नाकारला, तेव्हा फातिमेने भावास जे सांगितले होते, तेच त्यांनी कृतीने सांगितले: तुमचे हात शुद्ध नाहीत.

कोणी म्हणेल, हा अज्ञ जमावाचा अपराध. शास्त्राशी त्याचा काय संबंध? शास्त्र तर सांगते की, नमाज चालू असता कोणी बुडत असेल तर नमाज सोडून त्याला वाचविणे हे कर्तव्य आहे. साक्षात कुराणाचे पठणही माणसाच्या प्राणासाठी मध्येच थांबवावे. हे खरे आहे आणि मौलवीसाहेबांचे पहिले उत्तर त्यातूनच आले होते. परंतु एवढ्याने माझे समाधान होत नाही. इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या रणांगणावर भाल्यांच्या टोकांवर कुराणाची पाने उंचावली गेली, तेव्हा हजरत अली यांनी त्यास डाव म्हटले होते. ग्रंथ स्वतः बोलत नाही, माणसेच त्याच्या वतीने बोलतात, अशा आशयाचे त्यांचे उद्गार परंपरेने जपले आहेत. म्हणजे ग्रंथाचा देह पुढे करून त्याच्या आत्म्यास गप्प बसविता येते, हा अनुभव आजचा नाही. जेथे देहाची अदब शिकविली जाते आणि तिचे कारण शिकविले जात नाही, तेथे असा जमाव तयार होण्यास सामग्री मिळते. हे केवळ एका धर्मास लागू नाही. पोथी, ध्वज, पुतळा, जेथे जेथे वस्तूला मान आहे, तेथे हा धोका आहे.

मग बाह्य अदब सोडूनच द्यावी काय? मला तसे वाटत नाही. हात धुण्यासाठी माणूस जे दोन क्षण थांबतो, त्या थांबण्यातच त्याला स्वतःकडे पाहण्याची सवड मिळते. उपचार गेले म्हणजे आशय आपोआप उरतो, हा भ्रम आहे. बहुधा दोन्ही जातात. केवळ एवढे स्मरण असावे की, ज्याला मी हात धुवून स्पर्श करतो, त्याला दुसऱ्याच्या रक्ताने माखलेला हात लावणे हीच सर्वांत मोठी बेअदबी होय. 'जिल्द' या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थ कातडी असा आहे. ग्रंथाच्या कातडीला जपणाऱ्याने माणसाची कातडी त्याहून जपावी.

त्या पुरानंतर मौलवीसाहेबांची ती प्रत वाळवून पाहिली. पण वरून झिरपलेल्या पाण्याने शाई पसरली होती आणि पाने एकमेकांना चिकटली होती. एके दिवशी सकाळी त्यांनी ती पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि अंगणाच्या कोपऱ्यात, लिंबाच्या बुंध्याशी, मला खड्डा खणावयास सांगितले. मी खणला. माती ओढून झाल्यावर ते बराच वेळ तेथे बसून काही म्हणत होते. मी विचारले, "काय म्हणत होता?" ते म्हणाले, "जे पुरले तेच." आतून त्यांच्या पत्नीची हाक आली, तसे ते म्हणावयाचे थांबले आणि उठून तिला पाणी देण्यास गेले.